सुताराची खरवडपत्ती : धार लावण्याची व वापरण्याची रीत

बारा बलुतेदारांमध्ये सुताराचे स्थान नेहमीच महत्त्वाचे राहिले आहे. नांगर, तिफण, बैलगाडी आणि घराची तुळई ही सारी त्याच्याच हातची कामे. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यानंतर त्याच्या कामाचे स्वरूप पालटले आणि दारे, खिडक्या, टेबले, कपाटे, शाळेची बाके ही त्याच्या उपजीविकेची साधने झाली. या कामात सांधा पक्का असणे जितके आवश्यक, तितकेच वरची सफाई चांगली असणेही आवश्यक असते. कारण गिऱ्हाईक प्रथम फळीवर हात फिरवून पाहते. या सफाईसाठी उपयोगी पडणाऱ्या, परंतु अनेक ठिकाणी दुर्लक्षित राहिलेल्या एका साध्या हत्याराची माहिती येथे दिली आहे.

गरज कशासाठी?

सरळ तंतूंच्या लाकडावर धारदार रंधा उत्तम चालतो. परंतु शिसवासारख्या लाकडात तंतू थराथराने उलटसुलट दिशांनी गेलेले असतात. गाठीभोवती तर ते कोणत्याही लाकडात वळलेले असतात. अशा ठिकाणी रंधा लाकूड कापण्याऐवजी उपटतो व खड्डे पडतात. मग काचकागदाने तासन्‌तास घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यात वेळ जातो, कागदाचा खर्च वारंवार करावा लागतो आणि बारीक भुकटी कारागिराच्या श्वासावाटे छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या भुकटीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. ही बाब ध्यानात घेता सफाईच्या पद्धतीचा प्रश्न हा कारागिराच्या आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

खरवडपत्ती, म्हणजेच स्क्रेपर, ही सुमारे १५ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरपेक्षा थोडी पातळ अशी लवचीक पोलादी पत्ती होय. जुन्या, निकामी हातकरवतीच्या पात्यातून ती घरीच कापून घेता येते. कापताना पोलाद तापून निळे पडू देऊ नये. तसे झाल्यास ते मऊ पडते.

धार लावणे

या पत्तीची धार पटाशीसारखी नसते. तिच्या कडेला मुद्दाम वळविलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक आकडी असते आणि तीच लाकूड कापते. ही आकडी चार टप्प्यांत तयार होते.

पहिला टप्पा कानशीचा. पत्ती उभी धरून तिची लांब कड कानशीने सरळ व दोन्ही बाजूंशी काटकोनात करावी. कानस एखाद्या खाच पाडलेल्या ठोकळ्यात बसविल्यास ती कलत नाही. दुसरा टप्पा दगडाचा. कानशीचे ओरखडे जाईपर्यंत कड तेलाच्या दगडावर घासावी. नंतर पत्ती आडवी ठेवून दोन्ही बाजूही घासाव्यात. या कामात घाई केल्यास पुढील श्रम वाया जातात, कारण खडबडीत कडेपासून खडबडीतच आकडी निघते.

तिसरा टप्पा घोटण्याचा. यासाठी पत्तीपेक्षा कठीण, गुळगुळीत पोलादी सळई लागते. पत्ती बाकावर आडवी ठेवून, सळईला तेलाचा थेंब लावून, कडेलगत ती काही वेळा दाबून फिरवावी. चौथा टप्पा आकडी वळविण्याचा. पत्ती व्हाइसमध्ये उभी पकडून कडेवरून सळई प्रथम सपाट ओढावी व नंतर पाच ते दहा अंश कलवून दोन-तीन वेळा ओढावी. दाब बेताचाच असावा. बोट बाजूवरून कडेच्या बाहेर सावकाश नेले असता आकडीचा अडसर जाणवला, की पत्ती तयार झाली असे समजावे. बोट कडेच्या लांबीने मात्र कधीही फिरवू नये.

वापर

पत्ती दोन्ही हातांनी धरून अंगठ्यांनी मागून मध्यभागी दाबावी, म्हणजे ती किंचित पुढे वाकते व तिचे कोपरे लाकडात रुतत नाहीत. तिचा वरचा भाग पुढे झुकवीत न्यावा आणि आकडी लाकूड पकडू लागेल त्या कोनात ती ढकलावी. एकाच जागी खरवडत राहू नये. खळगा पडतो व तो पॉलिश झाल्यावर ठळक दिसतो.

पत्ती नीट लागली असल्यास कागदाहून पातळ पापुद्रे निघतात. पापुद्र्यांऐवजी भुकटी पडू लागली, की आकडी झिजली असे ओळखावे. अशा वेळी लगेच कानस लागत नाही. बाजू पुन्हा घोटून आकडी वळविली तरी पुरते. असे काही वेळा केल्यावर मात्र पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी. सतत वापराने पत्ती तापते व अंगठे भाजतात. म्हणून अधूनमधून थांबणे इष्ट.

या हत्याराला मर्यादाही आहेत. देवदारासारख्या मऊ लाकडावर ते समाधानकारक चालत नाही आणि वाकडी फळी सपाट करणे हे त्याचे काम नव्हे. साग, शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडावर रंध्यानंतरचा अखेरचा हात म्हणूनच त्याचा उपयोग करावा.

गावपातळीवर काय करता येईल?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून, त्यात प्रशिक्षण व हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. तथापि नवे हत्यार हाती येणे आणि ते धारदार ठेवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. शाळेचे एखादे खरखरीत झालेले सागवानी बाक, गावचा सुतार आणि जुन्या करवतीची एक पत्ती एवढ्या सामग्रीवर हा पाठ सुरू करता येईल. त्यातून बाक पुन्हा वापरात येईल, मुलांना हस्तकौशल्याची ओळख होईल आणि गावच्या कारागिराला शिक्षकाचा मान मिळेल.