कान्हेरीचे पाणी आणि आपली सहल

उन्हाळ्याच्या सुटीत किंवा नाताळानंतर अनेक धर्मग्रामांतील युवक मंडळे, महिला मंडळे आणि धर्मशिक्षणाचे वर्ग बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहलीस जातात. मुंबईसारख्या महानगराला लागून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य उभे असावे, त्यात बिबट्याचा मुक्त संचार असावा आणि त्याच्या मध्यभागी दोन हजार वर्षांचा इतिहास खडकात कोरलेला असावा, ही जगात क्वचितच आढळणारी गोष्ट आहे. परंतु बरेचसे सहलकरू खेळ आणि भोजन आटोपून प्रवेशद्वाराजवळूनच परततात. या स्थळाचे खरे मोल जाणून घ्यावयाचे असेल तर आणखी काही किलोमीटर आत, कान्हेरीच्या डोंगरावर गेले पाहिजे.

कान्हेरी हे नाव ‘कृष्णगिरी’, म्हणजे काळा डोंगर, यावरून आले आहे. येथील काळ्या बेसाल्ट खडकात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालले. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतील बुद्धाच्या दोन विशाल उभ्या मूर्ती पाहून प्रत्येक जण थक्क होतो. मात्र लेण्यांच्या बाहेर, पायाशी असलेली चौकोनी टाकी सहसा कोणी निरखून पाहत नाही. वास्तविक कान्हेरीचे रहस्य तेथेच दडलेले आहे.

पावसाळ्याचे चार महिने या डोंगरावर मुसळधार वृष्टी होते. उरलेले आठ महिने मात्र खडक कोरडा असतो. अशा ठिकाणी शेकडो भिक्षूंची वस्ती शतकानुशतके टिकली ती पाण्याच्या नियोजनामुळे. डोंगराच्या उतारावर खडकातच बारीक पन्हळी खोदून पावसाचे पाणी वळविण्यात आले आणि लेण्यालगतच्या टाक्यांत साठविण्यात आले. येथील शिलालेखांत अशा टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. लेणी व टाकी दान करणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची नावे या लेखांत कोरलेली असून त्यांत कल्याण, नाशिक यांच्याबरोबर आपल्या सोपाऱ्याचाही उल्लेख येतो. पिण्याच्या पाण्याचे टाके बांधून देणे हे त्या काळी पुण्यकर्म मानले जात असे.

हीच परंपरा वेगळ्या रूपात पुढे चालू राहिली. १८६० मध्ये मिठी नदीवर विहार तलाव बांधून पूर्ण झाला आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव. दोन्ही तलाव आजही मुंबईला पाणी पुरवितात. सभोवतालचे जंगल पावसाचे पाणी अडविते, जमिनीत मुरविते आणि माती वाहून जाऊ देत नाही. म्हणूनच तलाव गाळाने भरून जात नाहीत. उद्यानातून वाहणारी दहिसर नदी अरण्यात असेपर्यंत निर्मळ असते. वस्तीत शिरल्यावर तिची काय अवस्था होते, हे बोरिवलीकर जाणतातच. जंगल असणे आणि नसणे यांतील भेद त्या एका नदीच्या काठी उभे राहिले तरी कळतो.

या परिसराशी ख्रिस्ती इतिहासाचाही संबंध आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई प्रांतात कार्य करणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांनी बोरिवली पश्चिमेकडील मंडपेश्वर या शैव लेण्याचे ख्रिस्तमंदिरात रूपांतर केले. त्या डोंगरावर उभारलेल्या ख्रिस्ती वास्तूचे भग्नावशेष आजही दिसतात. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर त्या प्रांतातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. दुसऱ्यांचे पूजास्थान आपले करून घेणे त्या काळी अनेकांना रास्त वाटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांविषयी आदर बाळगण्याची शिकवण दिली. कान्हेरीच्या चैत्यगृहात शिरताना आपले वर्तन या शिकवणीस साजेसे असावे: मूर्तींवर चढून छायाचित्रे काढू नयेत, भिंतींवर नावे कोरू नयेत आणि आवाज आवरावा.

सहलीचे नियोजन करणाऱ्यांसाठी काही सूचना. उद्यान सोमवारी बंद असते. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस प्रवेशद्वार असून तेथून लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. लेण्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे निराळे तिकीट घ्यावे लागते. पन्हळींतून पाणी कसे वाहते हे पावसाळ्यात उत्तम दिसते, परंतु शेवाळलेल्या पायऱ्यांवर वृद्धांना व बालकांना जपावे. मुलांना गटातच ठेवावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे. माकडांना खाऊ घालू नये. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊच नयेत. येथील उतारांवर आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी २०२४ मध्ये बहरली होती. तिचा पुढील बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. आज पहिलीत असलेले मूल तोवर बरेच मोठे झालेले असेल. त्याला तो बहर पाहावयास मिळावा असे वाटत असेल, तर उतार आजच राखले पाहिजेत.

वसईकरांना हा विषय नवा नाही. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात असताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली ती पाण्यासाठी आणि हिरवाईसाठीच. वसईच्या पूर्वेचे तुंगारेश्वर अभयारण्य आपल्याकरिता तेच कार्य करते, जे बोरिवलीचे अरण्य मुंबईकरिता करते. म्हणून पुढील सहलीत प्रत्येक गटाने कान्हेरीच्या एखाद्या पोढीपाशी थांबून मुलांना दोन प्रश्न विचारावेत: हे पाणी येथे कोठून आले आणि आपल्या घरातील पाणी कोठून येते? याची उत्तरे मुलांनी स्वतः शोधली, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.