वीस मीटरचा घाट

विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं तर पाण्याखेरीज काही दिसत नाही. तीस मीटर उंचीवरून पाहणाऱ्याचं क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर संपतं. त्याच्या पाचपट पुढे, किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जावं इतक्या अंतरावर, अरबी समुद्रात एक अख्खं पठार बुडालेलं आहे. उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त पंधरा. त्याच्या कडा खाली शेकडो मीटर खोल उतरतात आणि माथ्यावर जिवंत प्रवाळ आहे.

सागरी नकाशांवर याचं नाव ‘आंग्रिया बँक’. बँक म्हणजे समुद्रातलं उथळ पठार; पासबुकाशी संबंध नाही. आणि आंग्रिया म्हणजे आपले आंग्रे. इंग्रजांच्या कागदपत्रांत सरखेल कान्होजी आंग्रे ‘आंग्रिया’ झाले. कान्होजी १७२९ साली गेले, १७५६ साली विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला, पण पाण्यावरचं नाव कुणी पुसलं नाही. गंमत अशी, की ज्यांची जहाजं आंग्र्यांच्या आरमाराला दचकून असत त्यांच्याच वळणाचा उच्चार आज आपण वापरतो.

माथ्याच्या सर्वांत उथळ जागी वीसेक मीटर पाणी आहे. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. स्कूबा शिकणाऱ्याला जो पहिला परवाना मिळतो तो १८ मीटरपर्यंतचा. म्हणजे नवशिक्याची हद्द जिथे संपते, त्याच्या दोन मीटर खाली आंग्रियाचं शिखर सुरू होतं! पुढचा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणतात तो परवाना ३० मीटरचा, आणि हौशी पाणबुड्यांसाठी शेवटची रेघ ४० मीटरवर. मालवणला पर्यटकांना हात धरून पाण्याखाली नेतात ती बुडी बहुधा दहा मीटरच्या आतच आटोपते. इथे ओळख करून घ्यायलाच त्याच्या दुप्पट खोल जावं लागतं, तेही जमीन नजरेआड असताना.

पण आधी हा डोंगर तिथे आला कुठून?

वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर साचलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणची किनारपट्टी तेव्हा आजच्या जागी नव्हतीच, ती कित्येक किलोमीटर पश्चिमेला सरकलेली होती. आजचा वीस मीटर खोलीवरचा माथा त्या वेळी पाण्याच्या शंभर मीटर वर होता. जिथे आज पाणबुडे पंख हलवत फिरतात तिथे वारा वाहत होता, पाऊस पडत होता. मग बर्फ वितळलं. पाणी एकसारखं चढलं नाही. काही शतकं तर अशी गेली की दर शंभर वर्षांना तीन-चार मीटर या वेगाने ते वर येत होतं. हिशेब सरळ मांडला तर साधारण आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी आंग्रियाच्या माथ्याला पाणी टेकलं असावं. तोवर माणूस शेती करायला लागला होता.

प्रवाळाला ही जागा का मानवली, याचं उत्तर आपल्या नद्यांत आहे. अंगठीत घालतो ते तांबडं पोवळं आणि खडपं उभारणारं प्रवाळ ही दूरची भावंडं. खडप बांधणारा प्राणी नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. त्याच्या मऊ शरीरात एकपेशीय शैवाल राहतं आणि राहण्याचं भाडं साखरेच्या रूपात भरतं. भाडं वेळेवर यायचं तर शैवालाला ऊन हवं, उन्हासाठी नितळ पाणी हवं. आता वाशिष्ठी, गड, कर्ली या नद्या जुलै-ऑगस्टात कशा वाहतात ते आठवा. तो तांबडा गाळ किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर बसतो, त्याचा श्वास कोंडतो आणि त्याचं ऊनही अडवतो. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ तग धरून आहे, मालवणचा तो पट्टा १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळाच्या चिकाटीचं मला राहून राहून कौतुक वाटतं. पण शंभर किलोमीटर आत नदीचा गाळ पोचत नाही. तिथे वीस मीटर खालीही उजेड पुरतो.

आता बुडी.

रात्री निघालेली बोट पहाटे पोचते. तांडेल यंत्रावर बोट दाखवून म्हणतो, आलो. बाहेर पाहावं तर काहीच आलेलं नसतं. बेट नाही, खडक नाही, फेस नाही. चहूकडे तेच पाणी. नांगर टाकावा तर प्रवाळावर पडणार आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाढ एका दणक्यात चुरडणार, म्हणून बोट मोकळीच ठेवायची आणि प्रवाहाचा अंदाज घेऊन पाणबुड्यांना माथ्याच्या वरच्या अंगाला सोडायचं. उघड्या समुद्रातलं अवघडपण इथून सुरू होतं. पृष्ठभागावर रेंगाळलात तर प्रवाह तुम्हाला शिखरावरून पुढे नेतो, आणि कडेपलीकडे तळ शेकडो मीटर खाली असतो. म्हणून पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या जाकिटातली हवा आधीच काढून टाकतात आणि उडी मारल्या मारल्या सरळ खाली जातात. ‘जरा थांबून मास्क नीट करतो’ याला इथे वाव नाही.

खाली जाताना मधला थोडा वेळ असा येतो की वर बोट दिसत नाही आणि खाली माथा अजून दिसलेला नसतो. सगळीकडे एकच निळा रंग. वर कुठे, खाली कुठे, हेही कळेनासं होतं. मग आपल्याच बुडबुड्यांकडे पाहायचं, ते जातात ती वरची बाजू. कानही भरवशाचे राहत नाहीत. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. उजव्या आणि डाव्या कानाला तो इतक्या थोड्या अंतराने पोचतो की मेंदूला दिशा लावता येत नाही. बोटीचं इंजिन डोक्यात वाजतंय असं वाटतं, पण बोट कुठे आहे ते सांगता येत नाही.

मग निळ्यातून एक गडद आकार वर येतो, आणि तो तळ असतो.

पहिला धक्का रंगांचा. प्रवाळ म्हणजे रंगांची उधळण अशी आपली समजूत चित्रफितींनी करून दिलेली. प्रत्यक्षात वीस मीटरवर सगळं निळसर करडं दिसतं. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी गिळतं, पहिल्या काही मीटरांतच. मग नारिंगी, मग पिवळा. कपाळावर कुंकू असेल तर ते इथे काळपट दिसेल. आणि आता विजेरी लावा. प्रकाश पडेल तेवढ्या गोलात लाल, केशरी, जांभळा एकदम उजळून निघतात. हे रंग तिथेच होते, दाखवायला उजेड नव्हता. हातभर अंतरावरून आलेल्या प्रकाशाला गिळायला पाण्याला सवड मिळत नाही, एवढंच. मला हा सगळ्या बुडीतला सर्वांत जादूचा क्षण वाटतो, आणि तो एका साध्या बॅटरीवर मिळतो.

आता श्वासाचा हिशेब. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर वरच्या हवेसकट तिप्पट दाब. छातीवर तिप्पट दाब असताना फुफ्फुसं फुगायची तर हवाही तिप्पट दाबाचीच मिळाली पाहिजे, कमी नको आणि जास्तही नको. हे काम करणारी झडप १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी जमवली. महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती, गाड्या गॅसवर चालवायच्या खटपटी सुरू होत्या, आणि गान्यांनी त्यासाठी बनवलेली झडप पाणबुड्याच्या तोंडाशी आली. इंजिन मागेल तेवढा गॅस, माणूस ओढेल तेवढी हवा. तत्त्व एकच.

पण तिप्पट दाबाची हवा म्हणजे तिप्पट खर्चही. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे २४०० लिटर. मिनिटाला वीस लिटर धरले तर काठावर बसून दोन तास पुरेल. वीस मीटरवर तीच टाकी चाळीस मिनिटांत रिकामी. त्यातही परतीसाठी ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे हाती उरली तीस मिनिटं. रात्रभराचा प्रवास आणि अर्ध्या तासाची भेट. घाबरून धापा टाकणाऱ्याला तेवढीही नाही. म्हणून जाणता पाणबुड्या ओळखायचा तो त्याच्या संथपणावरून: हात पोटाशी, पंखांची हालचाल आळसावल्यासारखी.

तीसच्या पुढे गेलात तर आणखी एक पाहुणा भेटतो. नायट्रोजन. एरवी हा बिचारा आपल्या श्वासात येतो आणि काही न करता निघून जातो. दाबाखाली मात्र तो चक्क चढतो. तीस मीटरच्या आसपास काहींना झिंग आल्यासारखं वाटू लागतं, उगाच हसू येतं, टाकीच्या काट्यावरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ डोक्यात शिरत नाही. उपाय सोपा, काही मीटर वर या. झिंग उतरते, डोकंही दुखत नाही. अवघड एवढंच, की वर यायला हवं हे झिंगलेल्यालाच कळावं लागतं. सोबतीशिवाय बुडी मारायची नाही या नियमाचं एक कारण हेही.

याच नायट्रोजनमुळे परतीचे वीस मीटर हा या सफरीतला सर्वांत जोखमीचा पल्ला ठरतो. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळून बसतो, बाटलीतल्या सोड्यातल्या वायूसारखा. बूच हळू उघडलं तर नुसती फुसफुस, झटक्यात उघडलं तर फेस. पाणबुड्याच्या बाबतीत तो फेस सांध्यांत होतो, मणक्यात होतो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर वेदनेने वाकडे होत. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच दुखण्याने खिळला. १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे हे दाखवलं. मग जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून, वेगवेगळ्या गतीने दाब उतरवून पाहिला. बकरीचं दुखणं ओळखणं सोपं: ती पाय उचलून धरते. त्या लंगड्या बकऱ्यांवरून १९०८ साली पाणबुड्यांनी कुठे किती थांबावं याचे तक्ते निघाले. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जे गणित करतो त्याचा पाया तोच.

म्हणून वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेगाने नाही. आपल्या लहान बुडबुड्यांना मागे टाकलंत तर तुमचा वेग जास्त आहे. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. किनाऱ्याजवळ दोर असतो, तो धरून थांबता येतं. इथे दोर नाही, तळ दूर गेलेला आणि प्रवाह तुम्हाला वाहून नेतोय. अशा अधांतरी तीन मिनिटं एकाच खोलीवर, श्वासावर तोल सांभाळत राहायचं. श्वास रोखायचा मात्र नाही, कधीच नाही. दहा मीटरवर भरलेलं फुफ्फुस पृष्ठभागाशी येईतो दुप्पट फुगू पाहतं, आणि ते फुगा नाही. थांबलेले असतानाच दोरीच्या टोकाला बांधलेला नारिंगी, लांबट फुगा वर सोडायचा. लाटांत माणसाचं डोकं थोड्या अंतरावरूनही सापडत नाही. तो फुगा बोटीवरच्या खलाशाला दिसतो.

बोटीवर चढलात म्हणजे घाट संपला असं समजू नका. नायट्रोजन पूर्ण निघायला पुढचे कित्येक तास लागतात. तोवर शरीरावरचा दाब आणखी कमी झाला तर बूच पुन्हा उघडल्यासारखंच. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसत नाहीत, हे पाणबुड्यांना पाठ असतं. कोकणात बुडी मारून देशावर परतणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही ते असं, की हा नियम साधारण सहाशे मीटरहून उंच जाणाऱ्या रस्त्यालाही लागू होतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे, आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के कमी असतो. दुपारी शेवटची बुडी, संध्याकाळी घाट चढून रात्री बेळगाव, असा बेत करू नका. ती रात्र मालवणातच काढा, आणि घाट दुसऱ्या दिवशी न्याहारी करून चढा.