उलटी उतरंड
फुटबॉलची शिडी : भाग सहावा

दिवाळी झाली, हलकं धान घरात आलं की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. दिवसा कबड्डी, रात्री दंडार नाहीतर नाटक. कबड्डीत गावाची चमू हरली तर काय होतं? चार दिवस चेष्टा होते, पंचाच्या नावानं बोटं मोडली जातात आणि पुढच्या मंडईला तीच पोरं पुन्हा मैदानात उतरतात. हरण्याची शिक्षा एवढीच.

लीगमध्ये तसं नसतं. मागचा भाग वाचून टपरीवर एकानं विचारलं, ‘‘टीव्हीवर मोठी लीग दिसते, मग तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या लीगचं गुऱ्हाळ कशाला लावता?’’ प्रश्न रास्त होता. पण मोठ्या लीगमध्ये तळाला गेलेल्या संघाचे शेवटचे पाच-सहा सामने नुसती हजेरी असायची. खालच्या लीगमध्ये शेवटच्या रविवारपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. वरच्या एक-दोन जागांना बढती आणि तळाच्यांची घसरण, यातच तिथली सगळी गंमत आणि सगळी भीती असते.

आधी रचना पाहू. 2024-25च्या हंगामात सर्वांत वर इंडियन सुपर लीग होती. तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग 2 आणि सर्वांत खाली 2023मध्ये सुरू झालेली आय-लीग 3. या शेवटच्या पायरीवर राज्यांच्या लीगमधून पुढे आलेले क्लब येतात. भंडाऱ्याला पितळेची भांडी नवी नाहीत, त्यामुळे उतरंड कशी रचतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. मोठा हंडा तळाशी आणि लहान गडू वर. फुटबॉलमध्ये आपण ती उलटी रचली आहे. पैसा, प्रेक्षक आणि कॅमेरे वर, तर ज्या राज्य लीगच्या जिवावर सगळा डोलारा उभा राहायचा, ती तळाशी चेपलेली. वर चढायची वाटही सुपर लीगपर्यंत 2023मध्येच पोचली. त्या वर्षी पंजाब एफसी चढला, 2024मध्ये मोहमेडन. खेळात शेवटचा आला म्हणून सुपर लीगमधून खाली उतरलेला क्लब मात्र तोवर एकही नव्हता. दार एकाच बाजूनं उघडत होतं.

आता आपल्या राज्याचा एक हंगाम बघू. 2007-08मध्ये आय-लीग सुरू झाली तेव्हा तीच सर्वांत वरची लीग होती आणि तिच्यात दहा संघ होते. साळगावकर आणि व्हिवा केरळ घसरले. लीग बारा संघांची करायची असल्यानं खालून चार संघ घेतले गेले. 2008ची ही दुसरी श्रेणी जिंकली मुंबई एफसीनं. हा क्लब 2007मध्ये स्थापन झालेला, म्हणजे जेमतेम वर्षाचा होता. इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली तो पहिल्याच झेपेत वर पोचला. त्याच्यासोबत मोहमेडन, चिराग युनायटेड आणि वास्को हेही चढले. वाडग्यात खीर जास्त असली की सगळ्यांचीच पानं भरतात. ज्या वर्षी लीग मोठी करायची नसते त्या वर्षी असंच खेळून संघ खालीच राहतो. त्यामुळे खालच्या श्रेणीतल्या क्लबाला आपल्या गुणांबरोबर फुटबॉल महासंघाच्या बैठकीकडेही डोळे लावून बसावं लागतं.

त्या मुंबई एफसीत खालिद जमील नावाचा मधल्या फळीचा खेळाडू होता. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळून तो तिथे आला होता. 2009मध्ये तो त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. पुढची सात वर्षं बेताच्या पैशात त्यानं संघ वरच्या श्रेणीत टिकवला. दरवर्षी मधल्या नाहीतर खालच्या जागी, पण टिकून. 2016मध्ये क्लबानं त्याला निरोप दिला आणि तो गेला मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे.

ऐझॉलची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. 2015ची दुसरी श्रेणी जिंकून तो वर आला आणि 2015-16मध्ये लगेच घसरलाही. पण त्याच उन्हाळ्यात गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली आणि रिकाम्या जागी ऐझॉलला परत बोलावलं गेलं. अशा उसन्या जागेवर बसलेल्या संघानं 2016-17मध्ये 18 सामन्यांत 37 गुण मिळवले आणि मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून आय-लीग जिंकली. तळाशी, दहाव्या जागी कोण होतं? मुंबई एफसी. एखाद्या झाडीपट्टीच्या नाटककारानं हा प्रसंग लिहिला असता तर लोक म्हणाले असते, फारच जुळवून आणलंय.

खरा घाव पुढे बसला. घसरलेला क्लब एक पायरी उतरतो, पोरं थोड्या पगारात खेळतात आणि दोन वर्षांत पुन्हा वर येतात, असा जगभरचा रिवाज. मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीत उतरलाच नाही. तो बंद झाला. आणि तो एकटा नव्हता. आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचा 2005-06चा विजेता महिंद्रा युनायटेड 2010मध्ये मोडला. एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013मध्ये क्लब परवान्याच्या निकषांत अडकून बाहेर पडले. 2009मध्ये दुसऱ्या श्रेणीतून चढलेला पुणे एफसी 2012-13मध्ये थेट उपविजेता झाला, तरी 2015मध्ये त्याचं दुकान आवरलं. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा ठरला. डीएसके शिवाजियन्सही 2016-17नंतर संपला. पुढची चार वर्षं आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मग 2021च्या पात्रता फेरीत दुसऱ्या आलेल्या मुंबईच्या केंकरे एफसीला, चेन्नई सिटी बाद झाल्यामुळे, जागा मिळाली. दोन हंगामांत तोही घसरला.

या यादीतले बहुतेक क्लब कंपन्यांचे होते. कंपनीला खालच्या श्रेणीत खेळणारा संघ परवडत नाही असं नव्हे, तो मिरवता येत नाही. मोहल्ल्याचा क्लब असतो तेव्हा त्याला मिरवायचं कुणापुढे हा प्रश्नच नसतो.

इथे एक आकडा सांगतो, तो मला गेले कित्येक दिवस सतावतो आहे. 2011च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख आहे. अख्ख्या मिझोरम राज्याची 10 लाख 97 हजार. म्हणजे तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर मिळून आपणच त्या राज्याहून मोठे आहोत. त्या राज्यानं 2014मध्ये संतोष करंडक जिंकला, 2017मध्ये देशाचा विजेता क्लब दिला आणि 2025मध्ये आय-लीग 2मधून डायमंड हार्बरबरोबर आणखी एक क्लब वर चढवला. त्या क्लबाचं नाव चानमारी. हे कुण्या उद्योगसमूहाचं नाव नाही, ऐझॉलमधल्या एका वस्तीचं आहे.

आपल्याकडे सतरा वर्षांपर्यंत सुब्रतो करंडकाचे शालेय सामने असतात. पोरगं अठरा वर्षांचं झालं की मैदान संपलं. पुढे खेळायचं असेल तर साठेक किलोमीटरवर नागपूर गाठायचं, तिथल्या लीगमध्ये एखाद्या क्लबाच्या दारात उभं राहायचं आणि रात्रीच्या एसटीनं परत यायचं. रोवणीच्या दिवसांत तेही जमत नाही.

खालिद जमील 2025च्या ऑगस्टमध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. मुंबई एफसीच्या नावानं आज कुठेही संघ उतरत नाही.

पुढच्या भागात मिझोरमची राज्य लीग. ती 2012मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथल्या केबलवाल्याचं तिच्याशी काय नातं होतं, ते पाहू.