नवा गेम कन्सोल येईल तेव्हा: विकत घेतलेला गेम आपला राहील का?

"सर, पीएस सिक्स कधी येऊन राहिला?" मधल्या सुट्टीत हा सवाल आम्हा शिक्षकांना आता सवयीचा झाला आहे. अमरावती काय नि अकोला काय, बहुतेक मुलं मोबाइलवरच खेळतात. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, थोड्याच घरांत आहे. पण कुणाचे चाचा आखाती देशातून येताना घेऊन येतात, कुणी तासाचे पैसे देऊन गेमिंग कॅफेत खेळतं, तर कुणी दोन-तीन वर्षांची ईदी जपून ठेवतं. मग घरात विषय निघतो: आहे तो घ्यायचा, की नव्याची वाट पाहायची? मामला पन्नास हजारांच्या वरचा आहे. म्हणून अम्मी-अब्बूंनाही यातलं थोडं कळायला हवं.

आम्हाला वाटतं ते थोडक्यात असं. नव्या यंत्रात चित्र किती देखणं दिसेल याचीच चर्चा जास्त होते. आपल्यासारख्या घरांनी त्याहून आधी हे विचारावं की पैसे मोजून घेतलेला गेम आपल्या हातात राहील का.

कधी येईल?

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन १९९४ मध्ये जपानात आलं. दुसरं २००० मध्ये, तिसरं २००६, चौथं २०१३ आणि पाचवं २०२० मध्ये. म्हणजे दर सहा-सात वर्षांनी नवी पिढी. हा हिशेब धरला तर पुढचं यंत्र २०२७-२८ च्या आसपास यायला हवं. मायक्रोसॉफ्टची काही अंतर्गत कागदपत्रं सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यातून बाहेर आली. त्यातही पुढच्या एक्सबॉक्ससाठी २०२८ सालचा विचार दिसत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीसोबत नव्या तंत्राची माहिती दिली आणि ते काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचं असल्याचं सांगितलं.

आपल्याकडे यायला आणखी थोडा वेळ लागतो. पीएस ५ अमेरिका-जपानात १२ नोव्हेंबर २०२० ला विकायला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस ५ प्रो बाहेर आला तेव्हा तो भारतात आणलाच नाही. त्यातलं नवं वाय-फाय ज्या लहरींवर चालतं त्यांना तेव्हा इथे परवानगी नव्हती. म्हणून तारीख जाहीर झाली की लगेच अकोल्याच्या टिळक रोडवर यंत्र मिळेल, अशी आशा मुलांना लावू नये.

चित्रात काय फरक पडेल?

दोन गोष्टी समजून घेतल्या तरी पुरे. पहिली, प्रकाश. दुपारी टिनाच्या छपराच्या छिद्रातून कवडसा येतो, फरशीवर पडतो आणि त्यानं सगळी खोली थोडी उजळते. किरण कुठून निघाला, कशावर आदळला, पुढे कुठे गेला, हा सगळा हिशेब यंत्रानं क्षणोक्षणी करायचा. याला रे ट्रेसिंग म्हणतात. आजचे कन्सोल तो थोडाफार करतात, पण त्यात त्यांचा दम लागतो. पुढच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा आणि ताकदीचा भाग असणार आहे.

दुसरी, अंदाज. यंत्र आधी लहान चित्र काढतं आणि मग शिकवून ठेवलेल्या एआयच्या मदतीनं ते मोठं व रेखीव करतं. खुशखत शिकणारं मूल ठिपक्यांवरून अक्षर गिरवतं. सराव झाला की कमी ठिपक्यांवरूनही वळण बरोबर येतं, तसंच हे. पीएस ५ प्रोमध्ये याची सुरुवात झाली आहे. नव्या पिढीत यावरच जास्त भर दिसतो.

हे सगळं छान आहे. पण पीएस १ वरून पीएस २ वर जाताना जो फरक लहान मुलालाही दिसत होता, तेवढा आता दिसणार नाही. साध्या टीव्हीवर तर आणखीच कमी.

डिस्क चालली आहे

आजचे अम्मी-अब्बू लहान होते तेव्हा टीव्ही गेमची कॅसेट अख्ख्या मोहल्ल्यात फिरायची. आज आमच्याकडे, उद्या खालाच्या घरी, परवा शेजारी. पुढे डिस्क आली तरी तेच चाललं. गेम संपवा, अर्ध्या किमतीला विका, दुसरा घ्या. महागडा शौक मध्यमवर्गीय घरांना परवडला तो यामुळेच.

आता तेच बंद होत चाललं आहे. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्कची सोयच नाही. पीएस ५ प्रोमध्ये ती आतून दिलेली नाही, वेगळे पैसे भरून जोडावी लागते. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या काही कार्डांत गेम नसतोच, फक्त त्याची किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा. पुढच्या पिढीत डिस्क उरली तरी बहुधा जोडभाग म्हणून उरेल.

डिस्क नसलेला गेम तुमच्या खात्यात जमा होतो. तो विकता येत नाही, उसना देता येत नाही. कायद्याच्या भाषेत तुम्हाला वापराचा परवाना मिळतो, वस्तू मिळत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं तर २०२५ पासून कायदाच केला की ऑनलाइन दुकानांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी. आणि दुकानं बंदही होतात. निन्टेंडोनं मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री थांबवली. मायक्रोसॉफ्टनं जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं दुकान बंद केलं. आधी घेतलेले गेम अजून उतरवता येतात, पण कुठवर, ते कंपनीच्या हातात.

मोठा गेम आज १०० जीबीच्या पुढे जातो. घरी ४० एमबीपीएसचं ब्रॉडबँड असेल तर तो उतरायला साडेपाच तास लागतील. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर उतरवायचा म्हटलं तर दोन महिन्यांहून जास्त! आमच्या वऱ्हाडात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलासाठी डिस्क नसणं म्हणजे गेमच नसणं.

यावर बोलून काही होत नाही असं मात्र समजू नका. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वनसाठी नियम काढला होता: दर २४ तासांनी एकदा इंटरनेट जोडा, आणि डिस्क देण्या-विकण्यावर बंधनं. लोक इतके चिडले की जूनमध्येच कंपनीला तो मागे घ्यावा लागला.

किंमत उतरण्याची वाट

"थांबा, स्वस्त होईल," हा आपला जुना अनुभव. तो खोटा नव्हता. पीएस २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. पण पीएस ५ उलट्या दिशेनं चालला. भारतात डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे भाव ५० डॉलरनं वाढले. त्यात एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५ च्या अखेरीस मेमरी झपाट्यानं महागली. नव्या कन्सोलला मेमरी जास्तच लागणार. म्हणून तो स्वस्तात येईल, अशी उमेद आम्हाला नाही.

यंत्राच्या किमतीवर खर्च थांबत नाही हेही लक्षात ठेवा. नवे मोठे गेम चार-पाच हजारांना पडतात. जे गेम फुकट असतात, ते आतून पैसे मागतात. काही गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी उघडायची असते. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्येच याला जुगार ठरवलं. आपल्या घरांत याला काय म्हणतात, ते वेगळं सांगायला नको. कन्सोलमध्ये पालकांसाठी कुलूप असतं. मुलाचं खातं वेगळं काढून त्यावर खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते, वेळही ठरवता येतो. हे काम पहिल्याच दिवशी करावं. कार्डाचा नंबर यंत्रात साठवू नये.

वऱ्हाडातली आणखी एक अडचण

पीएस ५ च्या माहितीपत्रकात तो ५ ते ३५ अंश तापमानात वापरावा असं दिलं आहे. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांवर जातो. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेलं यंत्र तिथे तापणारच. मोठा गेम चालू असताना ते साधारण २०० वॅट वीज खातं. रोज तीन तास धरले तर महिन्याला १८ युनिट. पुढचं यंत्र कमी तापेल की जास्त, हाही आपल्यासाठी चित्राइतकाच मोठा सवाल आहे.

मग करायचं काय?

घरात पीएस ४ किंवा पीएस ५ असेल तर घाई कशाचीच नाही. पीएस ५ आला तेव्हाही पीएस ४ साठी नवे गेम कित्येक वर्षं येत राहिले. पहिल्यांदाच घेणार असाल तर आज डिस्कवालं यंत्र घ्यावं, जमल्यास ओळखीच्या माणसाकडून जुनं, आणि डिस्का आपसांत फिरवाव्यात. परदेशातून मागवणार असाल तर वॉरंटी इथे चालेल का, हे पैसे देण्याआधी विचारावं.

आणि नवं यंत्र जाहीर होईल त्या दिवशी मुलांसोबत बसून चार गोष्टी तपासाव्यात: डिस्क चालते का, आज घेतलेले गेम त्यावर चालतील का, इंटरनेट नसताना ते सुरू होतं का, आणि भारतातली किंमत काय. पीएस ५ वर पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पीएस ३ च्या डिस्का चालत नाहीत. त्यामुळे दुसरा मुद्दा गृहीत धरू नका. चारही उत्तरं मुलानं शोधून कागदावर लिहून आणली, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. ईदीचे पैसे त्याचे आहेत. ते कशावर जातात हे त्याला कळलंच पाहिजे.