आगार पंधरा किलोमीटरवर

शिर्डीत एसटीचं स्थानक आहे, आगार नाही. नगर–मनमाड रस्त्यावरच्या या स्थानकात मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या येऊन लागतात. त्यातली एखादी रुसली, तर मेकॅनिक यायचा तो कोपरगाव आगारातून. अंतर पंधराएक किलोमीटर. पण गुरुवारी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला तेवढंच अंतर चांगलं लांबतं.

म्हणून दुरुस्ती फोनवरच सुरू होते. ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगणाऱ्या चालकाकडे मेकॅनिकनं काय काय घेऊन जायचं? बेल्ट तुटला, की रेडिएटर गळतोय? क्लच दाबला तर काय होतं? मुरलेला चालक नेमकं सांगतो आणि हेलपाटा वाचवतो.

सगळ्यात फसवी ती हवा. डिझेलच्या नळीत ती शिरली, की इंजिनाचा घसा कोरडा. मग फिल्टरजवळचा बोल्ट सैल करायचा आणि छोटा हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे फुटतात. बुडबुडे सरून डिझेलची सलग धार लागली, की बोल्ट आवळायचा. ब्रेकच्या टाकीत मात्र हीच हवा हवी. ती गळाली, की मागच्या चाकांवरची स्प्रिंग ब्रेक घट्ट धरते आणि गाडी जागची हलत नाही. उतारावर गाडी सुटू नये म्हणूनच ही रचना. पण भर रस्त्यात अडकलेल्या प्रवाशाला ते कोण समजावणार? तो खाली उतरून धक्का मारायला तयार असतो.

वाहकाचं काम वेगळंच. मागून येणाऱ्या एसटीला हात करायचा आणि त्याच तिकिटावर माणसं त्यात बसवायची. गर्दीच्या दिवशी हात करणं सोपं, जागा मिळणं अवघड.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–नगर मार्गावर धावली, म्हणजे शिर्डीच्याच जिल्ह्याच्या वाटेवर. ती बेडफर्ड होती, लाकडी बांधणीची. तिचं दुखणं पान्याला कळत असे. 2020 नंतरच्या, बीएस-6 या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांचं तसं नाही. सेन्सर बिनसला किंवा धूर शुद्ध करणारं युरियाचं द्रावण संपलं, तर इंजिन धडधाकट असूनही ताकद देत नाही. अशा वेळी मेकॅनिकच्या पिशवीत पान्यांसोबत बिघाडाचा कोड वाचणारं यंत्रही लागतं. इंजिनाचा आवाज ओळखायला कान एवढा तयार केला, तो इथे फारसा कामाचा नाही.

एक जुना रिवाज मात्र टिकून आहे. बंद गाडीच्या मागे बाभळीची नाहीतर निंबाची फांदी खोचायची आणि रस्त्यावर चार दगड मांडायचे. गाडी सुरू झाली, की फांदी कुणीतरी उपसतं. दगड बरेचदा तिथेच राहतात, रात्रीच्या मोटारसायकलवाल्यासाठी.