आधी पाणी तयार, मग मासे

ताईंनो, शोभिवंत मासे पाळून विकायचे ठरवलेत? मग टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडू नका. नव्या टाकीतलं पाणी स्वच्छ दिसलं, तरी मासे पटापट मरू शकतात.

कारण असं, की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही घातकच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते थोडं असलं तर चालतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

मग काय करायचं?

• टाकी आणि खडी साध्या पाण्याने धुवा. साबण लावू नका.
• नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवून मगच भरा.
• फिल्टर सुरू करा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. जिवाणूंना तेच लागतं.
• दह्याला विरजण, तशी इथे जुन्या टाकीतली मूठभर खडी टाका. मात्र त्या टाकीतले मासे निरोगी हवेत.
• तपासणी किटने पाणी बघत राहा. अमोनिया आधी वाढतो, मग उतरतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की आधी ४-५ गप्पीच सोडा.

सिमेंटच्या नव्या टाकीतून चुना उतरतो. म्हणून ती आधी २-३ आठवडे पाण्याने भरून ठेवा, मधूनमधून पाणी बदला.

घाई केली, तर गटाचे पैसे खरोखरच पाण्यात जातील!