वजनकाट्याआधी नाडी पाहा

२०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वृत्तपत्रांत किलोंचे आकडे गाजले. कोरेगावच्या माझ्या दवाखान्यातही अशा रुग्णाचे नातलग प्रथम घटलेले वजन सांगतात. मी प्रथम नाडी पाहतो.

स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. म्हणून ‘आणखी एक घास’ हा पाहुण्यांचा आग्रह नम्रपणे थांबवावा. पाणी दिवसभर घोटाघोटाने द्यावे. मधुमेहाच्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. जुनी मात्रा चालू राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो.

विश्रांतीतही नाडी शंभरावर, ताप, धाप, पोटात वा डाव्या खांद्यात वेदना, एकाच पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र उलटू देऊ नये. उलट्या थांबत नसतील, तर जीवनसत्त्व ब-१ घटून तोल, दृष्टी व स्मृती बिघडू शकते. ज्येष्ठांच्या बाबतीत ‘हे वयाचेच’ असे समजू नये. ग्लुकोजचे सलाइन लावण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जखम काही आठवड्यांत भरते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी मात्र आयुष्यभर सांभाळावी लागते.